पुकाऱ्याचं माप

कोर्टात तिला सगळे भोंगाबाई म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. कुणी नवखा वकील 'बाई, बाई' करत मागे आला तर तीच सांगायची, "नुसतं बाई म्हणालात तर निम्मं कोर्ट वळून बघेल. भोंगा म्हणा. ती मी एकटीच." घरी मात्र ती ताई होती. धाकट्या भावाची ताई आणि भावजयीची वन्सं. तिघं एकाच घरात राहत. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि त्यावर बोलायचंही आता सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

तिचं काम पुकाऱ्याचं. आत न्यायाधीशांनी एखादं प्रकरण हातात घेतलं की तिने दारात यायचं आणि ज्याचं प्रकरण असेल त्याचं नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि दावा त्यानेच लावलेला असेल तर दावा गेला. कोर्टाचा व्हरांडा लांब होता आणि पुढे जाऊन काटकोनात वळला होता. वळणापलीकडे भिंतीला लागून बाकं होती. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बायका, लांबून आलेली माणसं तिकडेच बसत, कारण तिकडे ऊन येत नसे. तिथवर हाक पोचवायची म्हणजे साधं काम नव्हतं. तिच्या आधीचा पुकारेवाला निवृत्त होताना तिला सांगून गेला होता, "गळ्यातून ओरडशील तर दुपारपर्यंत आवाज बसेल. पोटातून बोल, पेन्शनीपर्यंत टिकशील." ती पोटातून बोलायला शिकली आणि टिकली.

तेच पोट फाडावं लागलं. आतडं अडकलं होतं, जिवावर बेतलं होतं, निभावलं. जखम भरली, पण डाव्या अंगाचं मांस सैल पडलं आणि तिथे पोटाला एक उंचवटा कायमचा राहिला. लहान नाही, चांगला नारळाएवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्याला आता दिवसभर आधार लागेल. आधार द्या, आवळू नका." ताईने मान डोलावली. तिच्या कानात शिरलं ते एवढंच की पोटाला काहीतरी बांधायचं आहे.

दवाखान्यातून मिळालेला पट्टा लावून ती कामावर गेली. बसलं की त्याची वरची कड बरगडीत घुसायची. उठलं की तो सुटायचा, आणि सोडून पुन्हा लावताना त्याचं ते चिकटणारं कापड असं चर्रकन वाजायचं की एकदा न्यायाधीशसाहेबांनी निकाल सांगता सांगता मान वर केली. म्हणून तिने तो सैलच ठेवला. मग एके सकाळी व्हरांड्यात एका बाईच्या मांडीवरचं पोर तिच्याकडे टक लावून बघत राहिलं आणि म्हणालं, "आजी, तुझ्या पोटात बाळ आहे?"

बाकावरची माणसं हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पोराच्या बोलण्याला माणसं हसायचीच. पोराची आई लाजेने अर्धी झाली आणि पोराच्या दंडाला चिमटा काढला. ताईसुद्धा हसली. पण दिवसभर ती अंगावरचा कामाचा कोट हाताने पुढे ओढत राहिली.

ह्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिची आई घरी शिवणकाम करायची. लोकांचे कपडे शिवून जे कापड उरेल त्यातून घरातल्यांचे निघायचे. पोरांची मापं घेताना ती म्हणायची, "श्वास आत. तेवढंच कापड वाचतं." पोरगी वयात आली तशी ती माप नसतानाही म्हणू लागली. स्वयंपाकघरातून जाता जाता, लोकांत, फोटो काढताना, दोन बोटं पोरीच्या पोटावर टेकवायची आणि हळूच म्हणायची, "पोट आत." आई गेली, पण ती दोन बोटं काही गेली नाहीत.

त्या दिवशी कोर्ट सुटल्यावर ताई बायकांच्या आतल्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेली. दारातच कमरेत मोडतील अशा पुतळ्या उभ्या होत्या. गल्ल्यापाशी एक मुलगी होती, बोलायला गोड.

"साइज काय, मॅडम?"

"ते तूच सांग. माझी परवाच बदलली."

मुलीने एक कपडा पुढे केला. "हे बघा, शेपवेअर. फ्री साइज आहे, सगळ्यांना होतं."

ताईने तो दोन बोटांत धरला. मांजराच्या पिल्लाचं झबलं असावं तेवढा होता. "सगळ्यांना म्हणजे नक्की कुणाकुणाला?"

"ताणतं हो ते." मुलगी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून आत गेली आणि दुसरा घेऊन आली. "तुमच्या मापात हा आहे. फक्त ह्यात रंग नाहीत, एकटा स्किन कलर येतो."

तो फिकट गुलाबी होता. ताईने आपला काळा हात त्याच्याशेजारी ठेवला. "ही कातडी कुणाची गं?"

मुलगी गोंधळली. "कंपनी तसंच पाठवते, मॅडम."

"तुला नाही बोलत मी, बाळ."

कपडे घालून बघायच्या खोलीत तिने तो मांड्यांवरून, कमरेवरून, पार छातीखालपर्यंत चढवला. घाम फुटला. पण आरशात बघितलं तर उंचवटा नाही. ऑपरेशनच्या आधीची ताई समोर उभी होती. श्वास अर्ध्यावर येऊन अडत होता खरा, पण आरशात श्वास दिसत नाही. तिने तो कपडा घेतला आणि अंगावर तसाच ठेवून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती तोच घालून कामावर जाऊ लागली. हाक गळ्यातून येत होती हे तिला कळत होतं. पण जवळ बसलेली माणसं उठत होती, आत जात होती, काम चाललं होतं. मग ती सकाळ आली. शेजाऱ्याने बळकावलेल्या वाटेचा एक दावा होता. तिने नाव पुकारलं. पहिली हाक बरी गेली. दुसरी मध्येच चिरकली. तिसरीला तिने जोर केला तेव्हा पोट कापडाला धडकून जागच्या जागी राहिलं आणि आवाजाऐवजी नुसती हवा बाहेर आली. व्हरांड्यात कुणी हललं नाही. आत कारकुनाने गैरहजर लिहिलं आणि दावा निकालात निघाला.

जेवणाच्या सुट्टीत वळणावरून एक म्हातारा चालत आला. काखेत पिशवी, हातात टोपी.

"बाई, माझं नाव कधी यायचं?"

तिने नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, तुम्ही होतात कुठं?"

"इथंच की, वळणावर. सकाळपासून बसलोय."

"मी तीनदा पुकारलं."

"नाही ओ." म्हातारा ठामपणे म्हणाला. "तुमची हाक मला माहीत आहे. मागच्या तारखांना पार बाहेर झाडाखाली ऐकू यायची. आज आली नाही, म्हणून मी म्हटलं अजून काम सुरू व्हायचंय."

ती त्याला घेऊन अर्ज लिहिणाऱ्याकडे गेली आणि दावा पुन्हा घ्यावा म्हणून अर्ज करवला. तारीख मिळाली ती पुढच्या वर्षाची. म्हाताऱ्याने कागद घडी करून टोपीत ठेवला. तो रागावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तो म्हणाला, "तोवर राहिलो तर येतो."

मोठ्या कारकुनांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. ते कडक होते पण वाईट नव्हते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "माइक मागवला तर तुम्ही निवृत्त झाल्यावर येईल, आणि आला की बिघडेल. ते सोडा. तुम्ही रजा घ्या, बऱ्या व्हा. परत याल त्या दिवशी मी वळणापलीकडे उभा राहीन. ऐकू आलं तर दार तुमचं. नाही आलं तर खाली दफ्तरखान्यात जागा आहे. पगार तोच."

"दफ्तरखान्यात कुणाला हाक मारायची नसते, साहेब."

"म्हणूनच म्हणतो."

ताई घरी आली ती गाऊन घालून बसली. दिवसभर गाऊन, रात्रीही गाऊन. कुणी आलं की उशी मांडीवर. भावजयीने दोन दिवस चालवून घेतलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वन्सं, तो गाऊन धुवायला तरी द्या. तो आता तुमच्याशिवाय एकटा उभा राहील."

तेव्हा ताईने सगळं सांगितलं. पोराचं, दुकानाचं, म्हाताऱ्याचं. भावजय ऐकत होती आणि दोरीवर वाळणारा तो गुलाबी कपडा बघत होती. भावजय एका शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, शाळांचे गणवेश शिवायची. कपडा तिने हातात घेतला, ताणून बघितला.

"ह्याच्यात तुम्ही शिरलात कशा?"

"देवाचं नाव घेऊन."

"आणि बाहेर?"

"शिव्या देऊन."

भावजय हसली नाही. म्हणाली, "मी शिवते. त्यात आहे काय एवढं."

त्यात बरंच होतं. तिने मऊ सुती कापड आणलं, रुंद इलॅस्टिक आणलं, ताईला उभं केलं, टेप लावला आणि पट्टा शिवला. तो घट्ट झाला. तिने उसवून दुसरा शिवला, बाजूंना इलॅस्टिक वाढवलं. तो बसलं की गुंडाळून वर यायचा, फुग्याच्या तोंडासारखा. तिसऱ्यांदा माप घेतलं, दोनदा पडताळलं, नव्याने बेतलं. पुन्हा घट्ट.

"मापात चूक नाही," भावजय कात्री आपटत म्हणाली.

"मग माझ्या पोटात असेल."

"टेप खोटं बोलत नाही, वन्सं."

"आणि पोट बोलतं म्हणतेस?"

असं दोघींचं चाललं होतं. रजा संपत आली होती. ताई मनातून दफ्तरखान्याची तयारी करू लागली होती. तिथं दिवा दिवसाही लावावा लागतो, धूळ असते, आणि फाइली हाक न मारता सापडतात, असं ती स्वतःशी घोकायची. आणि प्रत्येक वेळी तिला पिशवीवाला म्हातारा दिसायचा, वळणावर कान देऊन बसलेला.

चौथ्या मापाच्या वेळी सकाळची घाई होती. भावजयीने ताईच्या पोटाला टेप गुंडाळला होता, दोन्ही टोकं चिमटीत धरून आकडा वाचायला ती वाकली होती. तेवढ्यात ताईची नजर ओट्यावर गेली. भावाचा डबा तिथेच होता आणि भाऊ जिना उतरून रस्त्याला लागला होता. ताईने खिडकीकडे तोंड केलं, डावा तळवा उंचवट्यावर दाबला आणि हाक मारली.

समोरच्या घरांची दोन दारं उघडली. कोपऱ्यावर पोचलेला भाऊ थबकला. आणि भावजयीच्या चिमटीतून टेप असा सुटला की त्याचं टोक तिच्या गालाला लागलं.

ती गाल चोळत जागेवरच बसली. ताई म्हणाली, "लागलं का गं?"

भावजय म्हणाली, "तुम्ही श्वास आत घेता."

"कधी?"

"टेप लागला की. प्रत्येक वेळी. आणि मी बघत आले, पण मला दिसलंच नाही. सासूबाईंनी मलाही तसंच शिकवलं. घरातल्या माणसाचं माप श्वास आत घेऊनच. कारखान्यात गणवेशाची मापं घेताना मी बाहेरच्या पोरींना सांगते, पोट सोडा, मोकळं उभं राहा. तुम्हाला कधी सांगितलं नाही." तिने टेपचं टोक पुन्हा चिमटीत धरलं. "ज्या पोटाने तुम्ही कधी जगलाच नाहीत, त्या पोटाच्या मापाचं मी शिवत होते."

ताईच्या मनात आई आली. आईने कापड वाचवलं होतं. तेव्हा ते वाचवावंच लागत होतं.

"उभ्या राहा," भावजय म्हणाली. "पुन्हा हाक मारा."

"कुणाला? डबा तर तो घ्यायला येतोच आहे."

"कुणालाही. कोर्टात मारता तशी."

ताई खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. टेप पोटाला लागला तसं पोट आत गेलं. तिने ते मुद्दाम सोडलं. सोडायला वेळ लागला, गाठ सुटायला लागतो तसा. मग तिने भावजयीचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. त्या घरात ते नाव कुणी घेत नसे. नवरा 'अगं' म्हणायचा, नणंद 'ऐक गं' म्हणायची, कारखान्यात ती नुसती वहिनी होती. तीनदा ते नाव भिंतींना लागून परत आलं. टेप भावजयीच्या बोटांतून सरकत गेला आणि तिने तो जिथे थांबला तिथे धरला. तिचे डोळे भरले होते, पण आकडा तिने बरोबर वाचला.

दारात भाऊ उभा होता, धापा टाकत. "काय झालं? कुणावर खटला आहे?"

"तुझ्यावर," ताई म्हणाली. "डबा घे आणि पळ."

नवा पट्टा पाठीला रुंद होता, खालून पोट उचलून धरणारा. पुढे, उंचवट्याच्या जागी, भावजयीने कापडाची चूण घालून खोलगट जागा केली होती. चिकटपट्टी नाही, बाजूला बंद. कडांना दुहेरी मऊ पट्टी. आणि कापडाचा रंग ताईच्या अंगासारखा. त्यासाठी ती कापडाच्या दुकानात ताईचा हात धरून गेली होती आणि प्रत्येक ताग्यावर तो ठेवून बघितला होता. ताईने पट्टा बांधला, वर कोट घातला, आरशासमोर गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"हे दिसतंय."

"दिसेल," भावजय म्हणाली.

"पोरं विचारतील."

"विचारतील."

"मग एवढं शिवून उपयोग काय झाला?"

भावजयीने तोंडातल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. "वन्सं, मला एकच सांगा. पोट लपवायचं आहे की चालवायचं आहे? दोन्ही एका कापडात मला जमत नाही. कुणाला जमत असेल तर त्याच्याकडे जा."

ताई तिच्याशी दिवसभर बोलली नाही. पण पट्टाही सोडला नाही. त्याच्यावरच गाऊन घातला, केर काढला, वाकून पलंगाखालची खोकी ओढली, पाय मुडपून भाजी निवडली. कड कुठे टोचली नाही. जेवायला बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपल्याला पोटाची आठवणच झाली नाही. तिचा घास हातातच राहिला. किती वर्षांनी असं झालं, हे काही तिला आठवेना.

जेवण झाल्यावर ती भावजयीसमोर कोट घेऊन गेली. "ह्याचं हे बटण लागत नाही."

"सरकवून देते."

"सरकव. चांगलं ऐसपैस सरकव."

कामावर जायच्या सकाळी तिला भीती वाटत होतीच. व्हरांड्यात शिरताना जुन्या सवयीने पोट आत गेलं, पुन्हा सोडलं, पुन्हा गेलं. ओळखीचा एक वकील समोरून आला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "भोंगाबाई, रजेत चांगलंच पोट सुटलं की."

"सुटलं," ती म्हणाली आणि पुढे गेली. बोलताना मान खाली गेली नाही, एवढंच तिने नोंदलं. लागायचं ते लागलंच.

मोठे कारकून तिच्याकडे एकदा बघून व्हरांड्यातून चालत वळणापलीकडे गेले. आत पहिलं प्रकरण निघालं. कुणा बाईचं नाव होतं. ताई दारात उभी राहिली. पोट सोडलं. हाक निघाली तेव्हा तिला जाणवलं की उंचवटा पुढे झाला, कापड त्याच्याबरोबर पुढे झालं, धरून राहिलं आणि मग दोघं परत आले. दुखलं नाही. हाक व्हरांड्यातून गेली. कुणी उठलं नाही.

तिने दुसरी हाक मारली. दाराजवळची माणसं तिच्या पोटाकडे बघत होती, हे तिला दिसत होतं. वळणावर कुणी नव्हतं. तिसऱ्या हाकेआधी थांबायची मुभा असते, तेवढी ती थांबली. आतून कारकुनाने खाकरून घाई केली. तरी ती थांबली.

मग वळणावर मोठे कारकून दिसले. त्यांच्या हाताला धरून एक थकलेली बाई होती, काठी टेकत, एकेक पाऊल टाकत. मोठे कारकून लांबूनच म्हणाले, "पहिल्याच हाकेला उठल्या ह्या. चालायलाच वेळ लागतो." एवढं बोलून त्यांनी बाईचा हात सोडला आणि ते आपल्या खोलीकडे निघून गेले.

दार अरुंद होतं. बाईला वाट द्यायला ताई एका बाजूला वळली, पण अंग चोरलं नाही. बाई तिच्याजवळ येऊन थांबली, काठीवर भार देऊन म्हणाली, "जरा दम घेऊ द्या हो."

"घ्या," ताई म्हणाली. "पुरता घ्या. मी आहे इथं."

आणि मान आत वळवून, साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "हजर आहेत."